क्रीडानिकालांच्या आधारे सुलभ इंग्रजीचे अध्यापन : रग्बी सामन्यांच्या निकालांचा विचार
(भिवंडी परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

गोषवारा

पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजीतील एक साधे, पूर्ण व निःसंदिग्ध वाक्य लिहिता येत नाही, हा भाषाशिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी लहान, वस्तुनिष्ठ आणि तपासून पाहता येईल असा मजकूर कोणता, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून प्रस्तुत लेखात रग्बी सामन्यांच्या निकालांचा विचार केला आहे. कर्ता-क्रियापद-कर्म हा वाक्यक्रम, शब्दयोगी रचना, अंकवाचन, उभयान्वयी अव्यये, अनुमानवाचक व संकेतार्थी रचना या घटकांचे अध्यापन निकालांच्या आधारे कसे करता येईल, हे सोदाहरण स्पष्ट केले आहे. हा प्रयोगाचा अहवाल नसून अध्यापनपद्धतीचे विवेचन आहे.

बीजसंज्ञा : सुलभ इंग्रजी, क्रीडानिकाल, रग्बी, कार्याधिष्ठित अध्यापन, बहुभाषिक वर्ग.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. तत्पूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. म्हणजेच आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. असे असूनही ‘कोणी कोणाला काय दिले’ एवढे सांगणारे वाक्य लिहिताना तो अडखळतो. पाठ केलेला निबंध त्याला लिहिता येतो; स्वतःचे वाक्य येत नाही. ही उणीव बुद्धीची नसून सरावाच्या स्वरूपाची आहे.

भिवंडीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. येथील वर्गात आगरी बोली बोलणारा विद्यार्थी असतो, उर्दू माध्यमातून आलेली मोमीन कुटुंबातील विद्यार्थिनी असते, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू बोलणारी मुले असतात आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या यंत्रमाग कामगारांची हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलेही असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी होय. दुसरीकडे, मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या परिसरात गोदामांचे मोठे जाळे उभे राहिले आहे. तेथील चलान, बिले, मालाच्या याद्या व संगणकावरील नोंदी यांची भाषा बहुतांशी इंग्रजी असते. ही भाषा साहित्यिक नाही. परंतु ती चुकून चालत नाही. ‘सप्लाइड बाय’ आणि ‘सप्लाइड टू’ यांत गल्लत झाली, तर देणेकरी आणि घेणेकरी यांची अदलाबदल होते. अशी गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याला हमालीच्या कामावरून नोंदणीच्या टेबलापर्यंत जाणे कठीण होते. सुलभ इंग्रजीचा प्रश्न येथे थेट उपजीविकेशी निगडित आहे.

२. संकल्पनेचा आधार

मर्यादित शब्दसंख्येत इंग्रजी शिकविण्याचा विचार नवा नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ची मांडणी केली. तीत केवळ ८५० शब्द होते आणि क्रियापदांची संख्या १८ पर्यंत खाली आणली होती. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली सुमारे १५०० शब्दांच्या मर्यादेत, संथ गतीने वाचलेल्या बातम्यांचे प्रसारण सुरू केले. शब्दसंख्या कमी असली तरी आशय प्रौढ व खरा असू शकतो, हे या दोन्ही उपक्रमांचे सार म्हणता येईल. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला बालवाडीतील वाक्ये दिल्यास त्याचा स्वाभिमान दुखावतो, म्हणून हे सूत्र महत्त्वाचे आहे.

भारतीय संदर्भात एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये राबविलेला प्रकल्प अधिक उपयुक्त ठरतो. व्याकरणाचा नियम आधी सांगून मग उदाहरणे देण्याऐवजी विद्यार्थ्यासमोर एखादे कार्य ठेवावे आणि ते पार पाडताना भाषा आत्मसात व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी कार्यांचे तीन प्रकार मानले : माहितीची देवाणघेवाण करावयाची कार्ये, दिलेल्या माहितीवरून तर्क करावयाची कार्ये आणि मत मांडावयाची कार्ये. यांपैकी दुसऱ्या प्रकाराला त्यांनी विशेष महत्त्व दिले. खेळाचा निकाल हा या दुसऱ्या प्रकाराला अत्यंत अनुकूल असा मजकूर आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३. रग्बीच का?

क्रिकेट सर्वपरिचित असताना रग्बीची निवड का करावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर त्या परिचयातच आहे. क्रिकेटचा निकाल विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतो. इंग्रजी वाक्य समोर आले की तो ते वाचत नाही, ओळखतो. शिवाय क्रिकेटमध्ये विजयाचे अंतर कधी धावांत, कधी गड्यांत, तर कधी डाव व धावांत सांगितले जाते. प्राथमिक पातळीवर ही गुंतागुंत अनावश्यक आहे.

रग्बीची स्थिती उलट आहे. खेळ बहुतेकांना अपरिचित असल्याने कोण जिंकले हे वाक्यातूनच काढावे लागते. मात्र ते वाक्य अगदी साधे असते : दोन नावे, एक क्रियापद, दोन अंक. अनोळखी आशय आणि सोपी रचना असा हा दुर्मीळ योग आहे.

या दोहोंमधील पूल म्हणून कबड्डीचा उपयोग करावा. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांत कबड्डी घरोघरी माहीत आहे आणि तिचा निकालही रग्बीप्रमाणेच गुणांत सांगितला जातो. प्रथम परिचित खेळाचे निकाल इंग्रजीत, नंतर परिचित झालेल्या इंग्रजीत अपरिचित खेळाचे निकाल, असा क्रम ठेवल्यास एका वेळी एकच गोष्ट नवी राहते.

रग्बी हा आपल्या भूमीशी सर्वस्वी असंबद्ध खेळ आहे, असेही नाही. कोलकात्यातील रग्बी क्लब १८७० च्या दशकात बंद पडला, तेव्हा त्याच्या खात्यावरील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला. नागाच्या आकाराचे कान आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी दिला जातो. पहिला सामना बरोबरीत सुटला होता. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ दीर्घकाळ जोपासला. १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेल्या ‘मॅजिक बस’ या संस्थेचे मूळही मुंबईतील वंचित मुलांना रग्बी शिकविण्यात आहे. जून २०२५ मध्ये मुंबईतील अंधेरी येथे रग्बी प्रीमियर लीगचे पहिले पर्व पार पडले. भारताच्या महिला संघाने २०१९ साली मनिला येथे सिंगापूरवर २१-१९ असा विजय मिळविला. पंधरा खेळाडूंच्या प्रकारातील भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय होय. विद्यार्थिनींची संख्या मोठी असलेल्या वर्गात हा निकाल प्रारंभासाठी आवर्जून घ्यावा.

४. आवश्यक तेवढी गुणपद्धती

शिक्षकाला खेळाचे सर्व नियम ठाऊक असण्याची गरज नाही. चार बाबी पुरेशा आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकविल्यास ‘ट्राय’चे ५ गुण मिळतात. ट्रायनंतर चेंडू लाथेने खांबांमधून आडव्या दांडीवरून पाठविल्यास ‘कन्व्हर्जन’चे २ गुण अधिक मिळतात. प्रतिपक्षाच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या ‘पेनल्टी’वर तसाच चेंडू मारल्यास ३ गुण आणि खेळ चालू असताना ‘ड्रॉप गोल’ केल्यास ३ गुण मिळतात. एवढी माहिती फळ्याच्या एका कोपऱ्यात पूर्ण तासभर लिहून ठेवावी.

५. वाक्यक्रम : कोण जिंकले?

मराठीत ‘भारताने सिंगापूरला हरवले’ आणि ‘सिंगापूरला भारताने हरवले’ या दोन्ही वाक्यांचा निकाल एकच आहे. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कर्ता व कर्म निश्चित करतात. शब्दांची जागा बदलली तरी अर्थ ढळत नाही. उर्दू-हिंदीतील ‘ने’ व ‘को’ यांचे कार्यही असेच आहे. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे जागा हाच प्रत्यय होय. ‘इंडिया बीट सिंगापूर’ आणि ‘सिंगापूर बीट इंडिया’ या वाक्यांत शब्द तेच, पण निकाल उलटा.

ही गोष्ट नियम म्हणून सांगितली असता विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतो व विसरतो. निकालाच्या रूपात सांगितली असता चूक लगेच दिसते, कारण २१-१९ हा आकडा शेजारीच असतो. वाक्य आणि आकडा यांत विसंगती आली की शिक्षकाने लाल रेघ ओढण्याची आवश्यकता उरत नाही. स्वतःची चूक स्वतः पकडण्याची ही सोय, हा या मजकुराचा सर्वांत मोठा गुण आहे.

यानंतर शब्दयोगी रचनांकडे वळावे. आपल्या विद्यार्थ्यांच्या ठरावीक चुकांचे मूळ त्यांच्या भाषांत सापडते. ‘सिंगापूरवर विजय मिळविला’ या मराठी रचनेतून ‘वन ऑन सिंगापूर’ येते. ‘भारताकडून हरले’ किंवा ‘इंडिया से हार गया’ यांतून ‘लॉस्ट फ्रॉम इंडिया’ येते. इंग्रजीत संघाला ‘बीट’ करतात, सामना ‘विन’ करतात आणि संघाशी ‘लूज टू’ होते. म्हणून एकच निकाल चार प्रकारे लिहून घ्यावा :

‘इंडिया बीट सिंगापूर.’
‘इंडिया वन द मॅच.’
‘सिंगापूर लॉस्ट टू इंडिया.’
‘सिंगापूर वेअर बीटन बाय इंडिया.’

शेवटच्या वाक्याने कर्मणी प्रयोगाचा प्रवेश सहज होतो. ‘बीट’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप बदलत नाही आणि ‘बीटन’ हे रूप मात्र निराळे आहे, ही बाबही येथेच स्पष्ट करावी. पाचवे वाक्य अंतराचे : ‘इंडिया वन बाय टू पॉइंट्स.’ हीच रचना गोदामात ‘शॉर्ट बाय टू कार्टन्स’ अशी भेटते, हे त्याच वेळी निदर्शनास आणून द्यावे. ‘टू’, ‘फ्रॉम’ आणि ‘बाय’ या तीन लहान शब्दांवर प्रभुत्व आले, तर चलान व बिले यांच्या वाचनातील मोठी अडचण दूर होते.

६. अंकवाचन

अंक लिहिता येणे आणि अंक ऐकून समजणे या भिन्न क्षमता आहेत. मराठीत ‘चौतीस’ म्हणताना चार आधी व तीस नंतर येतात. इंग्रजीत ‘थर्टी फोर’ म्हणताना तीस आधी येतात. त्यामुळे श्रुतलेखनात ३४ ऐवजी ४३ लिहिले जाण्याची शक्यता असते. उर्दू-हिंदीतही एकक आधी येतो. तेलुगूत मात्र इंग्रजीप्रमाणेच दशक आधी उच्चारले जाते. तेथील पद्मशाली विद्यार्थी या बाबतीत इतरांना मदत करू शकतो. एरवी भाषिक अल्पसंख्य म्हणून मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात पुढे आणण्याची ही संधी शिक्षकाने दवडू नये. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला, तेव्हा झालेला वाद वाचकांना स्मरत असेल. त्या वादाच्या मुळाशी हाच भाषिक भेद होता.

दुसरी अडचण ‘सेव्हन्टीन’ व ‘सेव्हन्टी’, ‘नाइन्टीन’ व ‘नाइन्टी’ या जोड्यांची. पहिल्या प्रकारात शेवटचे अक्षर लांब व ठळक उच्चारले जाते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतील २०-१७ (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, २००३) आणि ३४-१७ (न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया, २०१५) हे निकाल या सरावासाठी उत्तम आहेत. शिक्षकाने निकाल दोनदा वाचावा, विद्यार्थ्यांनी आकडे लिहावेत व नंतर फरक इंग्रजीत सांगावा. शून्य गुणांसाठी ‘निल’ हा शब्द वापरतात, हेही ओघाने सांगावे.

७. वाक्यांची जोडणी, अनुमान आणि संकेत

येथपर्यंतचा भाग प्राथमिक होय. रग्बीच्या निकालांची खरी समृद्धी यापुढे आहे, कारण येथे गुणांची फोड करता येते.

२०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असे हरविले. न्यूझीलंडने एक ट्राय व दोन पेनल्टी मिळून ११ गुण केले. दक्षिण आफ्रिकेने चार पेनल्टींवर १२ गुण केले. यावरून तीन वाक्ये होतात : न्यूझीलंडने ट्राय केला, दक्षिण आफ्रिकेने केला नाही, दक्षिण आफ्रिका जिंकली. ही वाक्ये जोडण्यास ‘बट’ व ‘ऑल्दो’ यांची गरज विद्यार्थ्याला स्वतःलाच भासते. २०११ चा अंतिम सामना न्यूझीलंडने फ्रान्सविरुद्ध ८-७ असा जिंकला. दोन्ही संघांनी एकेक ट्राय केला होता. फ्रान्सने त्यावर कन्व्हर्जन मिळविले, न्यूझीलंडने पेनल्टी. ‘फ्रान्स का हरले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बिकॉज’ने सुरू होते आणि ते उत्तर गणिताने पडताळता येते.

त्यानंतर अनुमानाचे कार्य द्यावे. केवळ आकडा सांगून गुण कसे झाले असतील, हे विचारावे. एखाद्या संघाचे ४ गुण होणे शक्यच नाही, म्हणून येथे ‘कॅनॉट’. ८ गुण झाले असतील, तर एक ट्राय आणि तीन गुणांची एक किक असलीच पाहिजे, म्हणून ‘मस्ट हॅव’. १२ गुण मात्र दोन प्रकारे होऊ शकतात : तीन गुणांच्या चार किक किंवा दोन ट्राय व एक कन्व्हर्जन, म्हणून ‘मे हॅव’. या साहाय्यक क्रियापदांचे अर्थभेद कोष्टकातून समजावणे किती कठीण जाते, हे प्रत्येक इंग्रजी शिक्षक जाणतो. येथे शक्य, अशक्य आणि अपरिहार्य यांतील सीमारेषा विद्यार्थी स्वतः आखतो.

संकेतार्थी रचनेसाठी २०१५ च्या विश्वचषकातील ब्रायटन येथील सामना घ्यावा. अखेरच्या क्षणी दक्षिण आफ्रिका ३२-२९ अशी पुढे होती. जपानला पेनल्टी मिळाली. लाथेने चेंडू मारून तीन गुण घेतले असते, तर सामना बरोबरीत सुटला असता. जपानने तो मार्ग नाकारला, ट्रायसाठी खेळ चालू ठेवला, ट्राय केला आणि सामना ३४-३२ असा जिंकला. ‘इफ जपान हॅड किक्ड...’ या अपूर्ण वाक्याची पूर्ती विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. जपानचा निर्णय योग्य होता काय, यावर प्रत्येकाने दोन वाक्यांत मत द्यावे. प्रभू यांच्या तिसऱ्या प्रकारचे कार्य येथे आपोआप साधते.

शब्दसंपत्तीचा विचारही याच टप्प्यावर करावा. मराठी वृत्तपत्रांचा वाचक ‘निसटता विजय’, ‘मात केली’, ‘नमविले’, ‘धुव्वा उडविला’ यांतील छटा जाणतो. १२-११ ला कोणी धुव्वा म्हणणार नाही. आणि १९९५ साली न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे हरविले, त्याला कोणी निसटता विजय म्हणणार नाही. इंग्रजीतील ‘एज्ड’, ‘बीट’ व ‘थ्रॅश्ड’ ही उतरंड या ज्ञात छटांवर बसवावी.

८. तासिकांची आखणी

प्रथम वर्षाच्या संप्रेषण कौशल्याच्या सहा तासिकांत हा घटक पूर्ण करता येईल. पहिल्या तासिकेत कबड्डीचे निकाल व वाक्यक्रम, दुसरीत रग्बीची गुणपद्धती व एका निकालाची चार वाक्ये, तिसरीत अंकांचे श्रुतलेखन, चौथीत वाक्यजोडणी, पाचवीत अनुमान व संकेत, सहावीत लेखन. शेवटच्या तासिकेत प्रत्येकाने एका निकालावर साठ ते सत्तर शब्दांचा परिच्छेद लिहावा आणि त्याच रचना वापरून एका काल्पनिक चलानातील तफावत कळविणारे चार ओळींचे पत्र लिहावे. हा दुसरा भाग वगळू नये. कारण खेळाच्या वर्तुळात शिकलेली भाषा व्यवहारात उतरते की नाही, याची कसोटी तेथेच लागते.

साधनसामग्री म्हणून फळा व निकालांची एक छापील यादी पुरेशी आहे. जोड्या लावताना शक्यतो भिन्न मातृभाषेचे विद्यार्थी एकत्र बसवावेत, म्हणजे परस्परसंवादासाठी इंग्रजीचा वापर स्वाभाविकपणे वाढेल.

९. मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. निकालांची भाषा मुख्यतः भूतकाळी व तृतीयपुरुषी असते. प्रश्न विचारणे, विनंती करणे, नम्र नकार देणे या गोष्टी तीतून शिकता येत नाहीत. वृत्तपत्रांच्या इंग्रजी मथळ्यांत घडून गेलेल्या घटनेसाठी वर्तमानकाळ वापरला जातो. म्हणून प्रारंभी मथळे न देता पूर्ण वाक्येच द्यावीत. ‘इंग्लंड’सारख्या संघनामानंतर एकवचन व अनेकवचन अशी दोन्ही क्रियापदे आढळतात, वर्गापुरता एकच प्रकार ठरवून घेणे श्रेयस्कर. खेळात रस नसलेले विद्यार्थीही वर्गात असतात; त्यांच्यासाठी हा घटक लांबवू नये. सहा तासिकांनंतर त्यांतील रचना बाजारभाव, रेल्वेचे वेळापत्रक, निवडणुकीचे निकाल अशा अन्य वस्तुनिष्ठ मजकुरांकडे न्याव्यात.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, रग्बी सामन्याचा निकाल हा लहान, खरा, प्रौढ आणि स्वतः पडताळता येण्याजोगा भाषिक मजकूर आहे. त्याची अपरिचितता ही अडचण नसून अध्यापनाची सोय आहे. साध्या वाक्यापासून संकेतार्थी रचनेपर्यंतचा प्रवास त्यात एकाच सूत्राने करता येतो आणि त्यासाठी खर्चिक साधनांची गरज भासत नाही. भिवंडीसारख्या बहुभाषिक व श्रमप्रधान नगरातील विद्यार्थ्याला इंग्रजी साहित्याचा आस्वाद पुढे यथावकाश घेता येईल; तत्पूर्वी कोणी दिले, कोणाला दिले आणि किती कमी पडले, हे त्याला निश्चितपणे लिहिता आले पाहिजे. इंग्रजीच्या अध्यापकांनी क्रीडाविभागातील सहकाऱ्यांच्या साह्याने आपापल्या महाविद्यालयात हा घटक राबवून पाहावा आणि विद्यार्थ्यांच्या आधीच्या व नंतरच्या लेखनाचे नमुने जतन करावेत. त्या नमुन्यांच्या अभ्यासातूनच या पद्धतीचे खरे मूल्यमापन होऊ शकेल.